खालच्या कोर्टाची प्रक्रिया चुकली, तर अपिलात काय होतं?

निशाणी_एक (धागाकर्ता)

फौजदारी अपिलावर इथे चर्चा निघाली की ती पुराव्यापाशीच घोटाळते. साक्षीदार पढवलेला होता का, पंच फितूर झाले का, शवविच्छेदनाचा अहवाल काय म्हणतो. पण खटला चालू असताना जज रोज छोटे-मोठे निर्णय देत असतात. बचावाच्या वकिलाला तारीख द्यायची की 'नो क्रॉस' (उलटतपास नाही) लिहून पुढे जायचं. साक्षीदार परत बोलवायचा की नाही. तीन घटनांचा एकच खटला चालवायचा की तीन वेगळे. एखाद्या कागदाला निशाणी (पुराव्यातला क्रमांक) द्यायची की सिद्ध न झालेला नुसता आर्टिकल म्हणून ठेवायचा. शिक्षा लागली की हे सगळे निर्णय अपील मेमोत (अपिलाच्या अर्जात) मुद्दे बनून परत येतात. वरचं कोर्ट ते कसे तपासतं, यावर हा धागा.

मूळ आहे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 465 मध्ये. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे हेच कलम 511 आहे. त्या तारखेआधी प्रलंबित असलेली अपिलं जुन्या संहितेनेच चालतात, म्हणून सध्या दोन्ही आकडे तोंडपाठ लागतात. कलमाचा सारांश असा: समन्स, वॉरंट, आरोप, आदेश, निकाल किंवा खटल्याच्या कामकाजात चूक, उणीव, अनियमितता झाली, एवढ्यावरून सक्षम कोर्टाचा निर्णय उलटवायचा नाही. त्या चुकीने न्यायहानी झाली, म्हणजे न्यायच फसला, असं अपील कोर्टाला वाटलं पाहिजे. शिवाय पोटकलम 2 आहे. हरकत आधीच्या टप्प्यावर घेता आली असती का, घ्यायला हवी होती का, हेही बघायचं. मेमोतले बरेच जोरदार मुद्दे या पोटकलमापाशीच गारद होतात.

यात 'सक्षम' हा शब्द ओलांडून जाऊ नका. ज्या कोर्टाला अधिकारच नव्हता, त्याला 465 वाचवत नाही. अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्याने आरोपीचा खटला चालवला किंवा अपील निकालात काढलं, तर जुन्या 461 प्रमाणे (आता 507) ते कामकाज शून्य. उलट अधिकार नसताना सद्भावनेने झडतीचं वॉरंट काढलं, तर 460 प्रमाणे (आता 506) कामकाज टिकतं. या दोन टोकांच्या मधलं सगळं 465 च्या वाट्याला येतं आणि भांडणं तिथेच होतात.

एके काळी कोर्टं याबाबत कडक होती. 1901 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वांत वरचं अपील कोर्ट) सुब्रह्मण्य अय्यर खटल्यातली शिक्षा रद्द केली. कारण एवढंच की दोन वर्षांहून जास्त काळात पसरलेल्या 41 कृत्यांचे आरोप एकाच खटल्यात कोंबले होते. कायद्याने मनाई केलेल्या पद्धतीने खटला चालवला तर ती किरकोळ अनियमितता म्हणून झाकता येणार नाही, अशी भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने विली स्लेनी खटल्यात वेगळी दिशा दिली. दोन भावांवर समान उद्देशाने खून केल्याचा आरोप होता. एक भाऊ सुटला आणि दुसऱ्याला खुनाबद्दल एकट्याला शिक्षा झाली, जरी त्याच्यावर तसा स्वतंत्र आरोप ठेवला नव्हता. कोर्ट म्हणालं, आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, बचाव त्यानुसार केला होता, तेव्हा नुकसान काय झालं? (शिक्षा पुढे कमी झाली, पण ती पुराव्यावर.) तेव्हापासून आजवर प्रत्येक अपिलात हाच प्रश्न विचारला जातो.

माझं मत आधीच सांगतो, मग भांडू. ही कसोटी तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण ती लावली जाते ती फक्त कागदावर. आणि कागद तयार होतो खालच्या कोर्टात, बहुतेक वेळा आरोपीच्या नकळत.

अनुस्वार

छान धागा. पण साध्या माणसाचा प्रश्न: हे सगळं म्हणजे गुन्हेगार तांत्रिक मुद्द्यावर कसे सुटतात त्याचीच कहाणी ना? पंचनाम्यावर एक सही राहिली की झाला मोकळा.

निशाणी_एक

अनुस्वार, 465 परत वाचा. ते लिहिलंच आहे शिक्षा टिकवण्यासाठी. चुकीच्या जागी खटला चालला (जुनं 462), आरोप ठेवायचा राहिला किंवा त्यात चूक झाली (जुनं 464), खटल्याच्या मंजुरीत त्रुटी राहिली, प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच: न्यायहानी दाखवा. पुराव्याच्या कायद्यातही तसंच आहे. जुनं कलम 167, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात 169. एखादा पुरावा चुकीने दाखल झाला किंवा चुकीने नाकारला गेला, पण तो बाजूला ठेवूनही निकाल टिकत असेल, तर त्या चुकीवरून फेरखटला होत नाही. पंचाची एक सही राहिली म्हणून सुटणारे लोक सिनेमात जास्त दिसतात.

313 च्या जबाबाचं उदाहरण घ्या (आता कलम 351). सरकार पक्षाचा पुरावा संपला की जज आरोपीला त्याच्याविरुद्धच्या प्रत्येक मुद्द्यावर प्रश्न विचारतात आणि त्याला स्पष्टीकरणाची संधी देतात. गर्दीच्या बोर्डावर (दिवसाच्या खटल्यांच्या यादीवर) हे काम छापील प्रश्नावलीसारखं उरकलं जातं. 'साक्षीदार क्रमांक चार म्हणतो की..., काय म्हणणं आहे?' 'खोटं आहे.' पुढचा प्रश्न. यात एखादा महत्त्वाचा मुद्दा विचारायचाच राहतो, आणि शिक्षा मात्र नेमकी त्याच मुद्द्यावर उभी असते.

आता अपिलात काय? 1973 च्या बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक दोषकारक मुद्दा आरोपीपुढे ठेवलाच पाहिजे, पण तो राहिला म्हणून खटला आपोआप मोडत नाही. नुकसान आरोपीने दाखवायचं. अपील कोर्ट वकिलाला तिथेच विचारू शकतं की या मुद्द्यावर तुमच्या अशिलाचं स्पष्टीकरण काय. 1984 च्या सारडा निकालात मात्र कोर्टाने सूर कडक लावला. परिस्थितिजन्य पुराव्यातला जो दुवा आरोपीला विचारलाच नाही, तो त्याच्याविरुद्ध वापरायचा नाही. दोन्ही निकाल आजही सांगितले जातात, ज्याला जो सोयीचा तो. 2023 च्या एका निकालात कोर्टापुढे असाच न विचारलेला मुद्दा होता आणि आरोपीविरुद्ध खरं तर तेवढाच होता. घटनेला पंचवीसहून जास्त वर्षं उलटली होती. एवढ्या काळानंतर परत 313 साठी खाली पाठवणं अन्यायाचं, म्हणून आरोपी सुटला.

तर्कटी

धागाकर्ते, तुम्ही कसोटी तत्त्वतः बरोबर म्हणालात, मला तिथेच अडचण आहे.

समजा उलटतपासाची संधी नाकारली. अपिलात कोर्ट विचारतं, नुकसान दाखवा. कसं दाखवू? नुकसान आहे ते न विचारलेल्या प्रश्नांत आणि न मिळालेल्या उत्तरांत. जे घडलंच नाही ते रेकॉर्डवर कुठून येणार? उलट जो पुरावा न तपासता आत आला, तोच आता भक्कम दिसतो, आणि त्या भक्कमपणाकडे बोट दाखवून कोर्ट म्हणतं, उलटतपास झाला असता तरी काय फरक पडला असता.

मध्य प्रदेशातला एक खटला बघा, सुप्रीम कोर्टाचा निकाल डिसेंबर 2019 चा. आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. साधारण दोन आठवड्यांत सगळा खटला आटोपला आणि मृत्युदंड झाला. हायकोर्टाने तो कायम केला. म्हणजे एक अख्खं हायकोर्ट रेकॉर्ड वाचून समाधानी होतं! सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. पुढे असंही सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यांत किमान दहा वर्षं वकिली केलेला वकील द्या, आणि त्याला तयारीला किमान सात दिवस द्या. इथे कोर्ट 'नुकसान दाखवा' म्हणत बसलं नाही. बचावाला खरी संधीच मिळाली नाही, एवढं पुरलं. आणि तो माणूस पुढे 2024 मध्ये निर्दोष सुटला. पहिल्या रेकॉर्डवरून हे कुणालाही दिसलं नसतं.

बेंचक्लार्क_निवृत्त

वकील मंडळींच्या चर्चेत तोंड घालतो, माफी असावी.

वरचं कोर्ट आर अँड पी (खालचं सगळं रेकॉर्ड) मागवतं तेव्हा त्यात रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, जातो. आमच्या हातचा. त्यात ओळ असते: 'आरोपीचे वकील गैरहजर. तहकुबीचा अर्ज निशाणी 52. नामंजूर. नो क्रॉस.' वरती बसलेल्याला वाटतं, वकील बेफिकीर होता. तो शेजारच्या कोर्टात दुसऱ्या पार्टहर्ड (अर्धवट चाललेल्या) केसमध्ये उभा होता, ज्युनिअर धावत सांगायला आला होता, साहेब चिडले होते, यातलं काहीच तिथे नसतं. आम्ही मुद्दाम गाळत नाही. रोजनाम्यात तोंडी बोलणं येत नाही, एवढंच.

तोंडी विनंती केली आणि साहेब 'नाही' म्हणाले, तर कायद्याच्या दृष्टीने विनंती झालीच नाही. हुशार वकील चार ओळींचा का होईना पण लेखी अर्ज देतात. कारणं लिहितात, सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) घेतात आणि त्यावर आदेश घेतात. प्रश्नाला हरकत असेल तर ती साक्षीच्या कागदावरच नोंदवून घेतात. 2001 च्या बिपिन पांचाळ निकालानंतर हरकती नोंदवून ठेवायच्या आणि शेवटी निकालात ठरवायच्या, अशी पद्धत पडली होती. शेवटी कोण बघतो? 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की हरकतीचा निर्णय तेव्हाच, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्या. सगळीकडे होतं असं म्हणणार नाही.

निशाणी_एक

बेंचक्लार्कसाहेब, माफी कसली? तुमचा प्रतिसाद धाग्यात असायलाच हवा होता.

तर्कटी, तुमचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. पण मग कुठल्या चुकीला नुकसान दाखवायला लावायचं आणि कुठल्या चुकीत ते गृहीत धरायचं? माझं उत्तर: मोडलेला नियम कुठल्या हक्कासाठी होता ते बघायचं. अंमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 50 घ्या. अंगझडतीआधी संशयिताला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. 1999 च्या बलदेव सिंग निकालात घटनापीठ म्हणालं, हे सांगितलं नसेल आणि शिक्षा फक्त त्या झडतीत मिळालेल्या मालावर असेल, तर ती टिकणार नाही. वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही, कारण तो नियम हाच त्या माणसाचा एकमेव बचाव होता.

कसाबचं अपील तर तुमच्या युक्तिवादाला अगदी जवळचं आहे. 2012 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वकिलाचा हक्क दोन टप्प्यांत तोडून बघितला. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभं करतात तेव्हाच हक्क सुरू होतो आणि तो आरोपीला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही तर त्याच्यावर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते, आरोपी भरपाई मागू शकतो. पण तेवढ्यावरून खटला मोडत नाही, तिथे प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं. खटला सुरू होताना मात्र वकील नसेल (आणि आरोपीने स्वतःहून नाकारला नसेल), तर खटलाच रद्द. म्हणजे खटल्याचा कणा कुठला आणि आजूबाजूचं काय, असा भेद कोर्ट करतंच. तो आधीपासून कुठे लिहून ठेवलेला नाही, प्रत्येक अपिलात नव्याने मांडावा लागतो, आणि तिथे वकिलागणिक फरक पडतो, हे दुखणं खरं.

जुनं_खोड

माजी मुख्यमंत्री अंतुलेंचं प्रकरण कसं विसरलात सगळे? महाराष्ट्रातला धागा आणि त्यात ते नाही!

भ्रष्टाचाराचा खटला 1952 च्या कायद्याप्रमाणे विशेष न्यायाधीशापुढेच चालायचा. फेब्रुवारी 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो स्वतःहून काढून मुंबई हायकोर्टाकडे सोपवला, लवकर निकाल लागावा म्हणून. हेतू उत्तम. एप्रिल 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की तो आदेश चुकला होता. कायद्याने ज्या कोर्टाला अधिकार दिला नाही, त्याला तो सुप्रीम कोर्टही देऊ शकत नाही, आणि हायकोर्टात थेट खटला चालवल्याने आरोपीची अपिलाची एक पायरीच गेली. कोर्टाच्या चुकीची झळ पक्षकाराला बसता कामा नये, असं म्हणून तो आदेश मागे घेतला. खटला इतका पुढे गेलेला असूनही.

राजकारण बाजूला ठेवून सांगतो, मला तो निकाल तेव्हा पटला नव्हता, आजही अर्धाच पटतो. पण धागाकर्त्यांच्या त्या 'सक्षम' शब्दाचं याहून मोठं उदाहरण नाही.

अनुस्वार

पण खटला 'नव्याने चालवा' म्हटलं की एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करणं झालं ना? त्याला घटनेत बंदी आहे असं शाळेत शिकलो.

निशाणी_एक

अनुच्छेद 20(2) आहे खरा. पण जुनं 300 (आता 337) सांगतं की आधीची शिक्षा किंवा निर्दोषत्व 'अमलात असेल' तोवर दुसरा खटला नाही. अपिलात ते रद्द झालं की अमलात काही उरलंच नाही. अपील कोर्टाचा फेरखटल्याचा अधिकार जुन्या 386 मध्ये आहे, आता 427.

तो अधिकार वापरायला कोर्टं कचरतात, आणि बरोबर आहे. साक्षीदार म्हातारे होतात, मरतात, सरकार पक्षाला पहिल्या वेळच्या फटी बुजवायला संधी मिळते. 2021 च्या नसीब सिंग निकालात हेच आहे: फेरखटला अपवादानेच, पहिला खटला सदोष होऊन न्याय फसला असेल तेव्हाच. गुजरात दंगलीतलं बेस्ट बेकरी प्रकरण त्या अपवादातलं. साक्षीदार दबावाखाली फिरले, सरकार पक्षाने हात आखडता घेतला, म्हणून 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सुटकेचा निकाल रद्द करून खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितला. प्रक्रियेची चूक आरोपीच्या फायद्याचीही असू शकते, हे यात लक्षात येतं.

आणि दर वेळी सगळं खाली पाठवावं लागतं असं नाही. शिक्षा किती द्यायची यावर आरोपीला वेगळं ऐकावं लागतं. ते राहिलं, तर मानवत हत्याकांडाच्या 1977 च्या निकालाप्रमाणे अपील कोर्ट स्वतःच ऐकून ती उणीव भरून काढू शकतं. राहिलेला पुरावा घ्यायचा असेल तर 391 (आता 432) आहे. हा अर्ज फार कमी वकील करतात.

मृदुला_क

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या मामेभावाचा खटला सेशन्समध्ये चालू आहे. आधीच्या वकिलांनी केस सोडली त्या दिवशी मुख्य साक्षीदाराचा उलटतपास राहिला. नव्या वकिलांनी साक्षीदार परत बोलवायचा अर्ज दिला, तो नामंजूर झाला. ते म्हणतात शिक्षा झालीच तर अपिलात बघू. थांबावं का?

निशाणी_एक

मृदुलाताई, कागद न बघता वकिलाच्या डोक्यावरून सल्ला देणार नाही, पण नियम सांगतो.

रिव्हिजन (वरच्या कोर्टाने आदेश फेरतपासणं) बहुधा होणार नाही. 397(2) (आता 438(2)) अंतरिम आदेशांवर रिव्हिजन करू देत नाही, आणि साक्षीदार परत बोलवण्याचा आदेश अंतरिमच, असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये म्हटलं आहे. पण दार बंद नाही. 1977 मध्ये मधू लिमये यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या बंदीने हायकोर्टाचे अंगभूत अधिकार संपत नाहीत. तोही अंतुले मंत्री असतानाच्या बदनामीच्या फिर्यादीतून आलेला, जुनं_खोड यांना आवडेल. हे अधिकार आधी 482 मध्ये होते, आता 528 मध्ये. तिथे अर्ज करता येतो. स्थगिती आपोआप मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते.

आता गेलं नाही तर अपिलात मुद्दा मरतो का? नाही. अर्ज दिला होता, म्हणजे हरकत वेळेत घेतली होती, पोटकलम 2 आडवं येणार नाही. पण अपिलात कोर्ट असं विचारणार नाही की आम्ही असतो तर साक्षीदार बोलावला असता का. जजने आपला अधिकार कारणं देऊन, विचाराने वापरला का, एवढंच बघेल. आज हायकोर्टाने अर्ज मंजूर केला तर तुम्हाला प्रत्यक्ष उलटतपास मिळतो. पाच-सात वर्षांनी अपिलात जिंकलात तरी तो साक्षीदार असेल की नाही, त्याला काय आठवेल? साक्षीदार खरोखर मुख्य असेल तर मी थांबलो नसतो.

एक विचारतो: साक्षीदाराला काय विचारायचं आहे, हे अर्जात लिहिलं होतं का?

मृदुला_क

प्रत पाहिली. 'न्यायाच्या दृष्टीने साक्षीदारास पुन्हा पाचारण करणे आवश्यक आहे' एवढंच आहे.

तर्कटी

घ्या! आता नुकसान कशावरून दाखवणार?

निशाणी_एक

म्हणूनच विचारलं. ताई, वकिलांशी दोन गोष्टी बोला. साक्षीदार परत बोलवण्याचं कलम 311 (आता 348) 'कोणत्याही टप्प्यावर' म्हणतं, तेव्हा तपशीलवार कारणांचा नवा अर्ज देता येतो. जज 'तोच अर्ज पुन्हा' म्हणून नाकारतीलही, पण पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत कुठे फरक आहे, कुठल्या मुद्द्यावर उलटतपास हवा होता, हे त्या निमित्ताने रेकॉर्डवर येईल. तो अर्ज न करता थेट हायकोर्टात जायचं असेल, तर हा तपशील तिथल्या अर्जात हवा. आणि 313 च्या वेळी लेखी निवेदन देता येतं, 2009 च्या दुरुस्तीपासून तशी स्पष्ट तरतूद आहे. त्यातही हे लिहा.

नामंजुरीच्या आदेशाची, मूळ अर्जाची, सरकारी वकिलांच्या सेची आणि त्या तारखेच्या रोजनाम्याची नक्कल आजच मागवा. नकलेचा अर्ज तुमचा मामेभाऊ स्वतःच्या सहीनेही देऊ शकतो.

बेंचक्लार्क_निवृत्त

रोजनाम्याची नक्कल मागताना तारीख नीट लिहा. त्यापुढच्या तारखेचाही रोजनामा मागा. वकील सोडून गेल्याची पुरसीस (कोर्टाला दिलेली लेखी माहिती) बऱ्याचदा त्या दिवशी नोंदलेली असते.